नववे नाव लाल शाईत

प्रश्न असा आहे: खो-खोच्या संघाच्या यादीत एका मुलीचे नाव मी लाल शाईने लिहिले, ते हाताच्या सवयीने लिहिले की मनातल्या इच्छेने?

प्रश्न लहान दिसतो. परंतु त्या शाईमुळे ती मुलगी शनिवारी मैदानाबाहेर बसली, आणि मैदानाबाहेर बसली म्हणून मंगळवारी ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसली. मी आयुष्यभर गणित शिकवले. उत्तर लिहिण्याआधी दिलेल्या गोष्टी ओळीने मांडाव्यात, कोणतीही गाळू नये, ही शिस्त मी मुलांना लावली. तीच आता स्वतःला लावून पाहते.

प्रथम शाईविषयी. आमच्या शाळांत हजेरीपत्रकावर मुलांची नावे निळ्या शाईने आणि मुलींची लाल शाईने लिहिण्याची रीत होती. रोजच्या पटावर मुलगे किती आणि मुली किती हे वेगवेगळे दाखवावे लागे. रंग वेगळा असला की बेरीज चटकन होई. आधी सगळे मुलगे, त्यांच्याखाली सगळ्या मुली. माझे अक्षर बरे असल्यामुळे शाळेतले सगळे तक्ते, याद्या आणि अर्ज माझ्याकडेच येत. टेबलावर दोन पेन कायम ठेवलेले असत. निळा उजवीकडे, लाल डावीकडे.

आता गावाविषयी. नेकनूरला एसटीतून उतरून कच्च्या रस्त्याने तासभर चालले की आमचे गाव लागे. आठवीपर्यंतची शाळा, समोर मैदान, आणि मैदानाच्या कडेला सोसायटीचे गोदाम. गावात मोठी मोकळी जागा तेवढीच होती. त्यामुळे मुले जिथे खेळत, तिथेच पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्यांचे ट्रक माणसे न्यायला उभे राहत. एरवी हे ट्रक दिवाळीनंतर येत. त्या वर्षी, पावसाने पाठ फिरवल्याचे ते दुसरे वर्ष होते, ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच आले. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. शाळेच्या आडात पोहरा टाकला की तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज वर येई.

ट्रक आला की हजेरीपत्रकात काय होते हे ज्याने हजेरी घेतली त्यालाच कळेल. सोमवारी सत्तेचाळीस मुले असत, गुरुवारी एकोणतीस. एका घरातली तीन नावे एकाच सकाळी गैरहजर होत. मी नाव पुकारायचे आणि मागच्या बाकावरून कोणीतरी सांगायचे, "बाई, ते गेलते कालच. फडावर." उसाच्या ज्या शेतात तोडणी चालते त्याला आमच्याकडे फड म्हणतात.

या गळतीमुळेच ती संघात आली. खो-खोला नऊ गडी लागतात. आठ जण दोन खुंटांच्या मधल्या रेषेवर एकाआड एक तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. दसऱ्यानंतर आमच्या संघात आठच मुलगे उरले. ती आठवीतली, तेरा वर्षांची. तिच्या वर्गात मुली तीनच होत्या, म्हणजे मुलींचा संघ होण्याचा प्रश्नच नव्हता. ती रोज मधल्या सुट्टीत गोदामाच्या ओट्यावर बसून मुलांचा खेळ पाहत असे. एके दिवशी खेळ शिकवणाऱ्या सरांनी तिला बोलावले. सर मूळचे हिंदीचे. खेळ त्यांच्या गळ्यात पडलेला होता. आठव्या चौकोनात नुसते बसायचे, उठायचे नाही, पाठीत खो मिळाला तरी पळायचे नाही, जागा भरण्यापुरते, असे त्यांनी तिला बजावले.

पहिल्या दिवशी ती बसली. दुसऱ्या दिवशी खो मिळाल्यावर ती उठली, आणि सरावात पळायची पाळी असलेला संघाचा नायक खुंटाला वळसा घालण्याच्या आत तिने त्याला बाद केले. तो सुताराचा मुलगा, उंच आणि थोडा गर्विष्ठ. बाकीची मुले त्याला आठवडाभर चिडवत होती. "बसायला घेतली अन् तुलाच बसवलं बे." तो मात्र चिडला नाही. त्याने सरांना जाऊन सांगितले की तालुक्याच्या स्पर्धेला जायचे तर हिला घेऊन जायचे, नाहीतर नववा गडी गावात दुसरा नाही.

सराव कसा चाले तेही सांगते. खो-खोच्या मैदानावर पाणी मारावे लागते, म्हणजे माती दबते आणि पडले तरी गुडघे फुटत नाहीत. पाणी प्यायलाच नव्हते. ट्रकच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या मुले हाताने माती लोटून बुजवीत, आणि फक्कीऐवजी घराघरातल्या चुलींची राख आणून रेषा आखीत. रोज संध्याकाळी वारा ती राख घेऊन जाई. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर खपल्या असत आणि खपल्यांवर राख.

एकदा ती वर्ग सुटल्यावर माझ्या टेबलाशी आली. मुलींनी मुलांच्या संघात खेळू नये असे कुठे लिहिले आहे का, असे तिने विचारले. मी म्हटले, न पाहता सांगणार नाही. आम्ही दोघींनी कपाटातून स्पर्धेचे परिपत्रक काढले आणि ओळ न् ओळ वाचली. मुलांच्या स्पर्धेचे एक पान होते, मुलींच्या स्पर्धेचे एक. मुलीचे नाव मुलांच्या पानावर आले तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हते.

"मग खेळू का?" तिने विचारले.

मी म्हटले की नाही असे लिहिलेले नाही. पण हो असेही लिहिलेले नाही.

"बाई, मग आपल्याला जे पायजे तेच धरावं की," ती म्हणाली आणि हसली. तिचे तर्कशास्त्र माझ्यापेक्षा सरळ होते.

मुख्याध्यापकांनीही जवळपास तेच ठरवले. ते थट्टेखोर गृहस्थ होते. सोसायटी सहकारी, कारखाना सहकारी, मग आपला संघही सहकारी. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने घालावे, असे ते म्हणाले. पुढे त्यांनी गंभीरपणे सूचना दिली. लपवायचे काही नाही आणि वर पत्र लिहून विचारायचेही नाही, कारण विचारले की नकार येतो. यादी द्यायची आणि मैदानात उतरायचे. एकदा खेळ सुरू झाला की कोणी थांबवत नाही. तिचे नाव मुलाचेही असू शकेल असे होते. आमच्या भागात अशी नावे पुष्कळ आहेत. यादीवरून काही कळणार नव्हते.

तिच्या दृष्टीने या सामन्यात काय पणाला लागले होते, ते आता सांगितले पाहिजे. तिच्या घरचा ट्रक खरे तर दसऱ्यानंतर लगेचच जायचा होता. वडिलांनी मुकादमाला, म्हणजे कारखान्यासाठी तोडणारी माणसे जमवून नेणाऱ्याला, गळ घालून तो सामन्यानंतरच्या मंगळवारपर्यंत लांबवला. त्यांनी मुलीला शब्द दिला होता: तालुक्याला खेळलीस आणि संघ जिंकला, तर या वर्षी तुला चुलत्याकडे ठेवतो, शाळा पुरी कर, नाहीतर आमच्याबरोबर चल. हे त्यांनी मला शाळेत येऊन, टोपी हातात घेऊन सांगितले. शब्द दिला म्हणजे शिक्षकासमोर दिलेला बरा, असे त्यांचे मत होते.

यानंतरचे दिवस मी वारानुसार मांडते, कारण उत्तर त्यांतच आहे.

बुधवारी संध्याकाळी तिची आई माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. आत ये म्हटले तरी आली नाही. तिला सातवा महिना होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. दिवस भरले म्हणून अर्ध्या कोयत्याला सुट्टी नसते. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळीत उभी राहिली.

"पोरगी पळती ते मला बी लई आवडतं, बाई," ती म्हणाली. "पर तिथं फडात माझ्यापाशी कोण हाय?"

मी तिला पाण्याचा तांब्या दिला. तिने मला काही करायला सांगितले नाही. पाणी प्यायली आणि गेली.

गुरुवारी शेवटच्या तासाला मी यादीचा अर्ज भरला. बारा रेघा होत्या. आठ मुलांची नावे मी निळ्या पेनाने लिहिली. मग निळा पेन खाली ठेवला, लाल उचलला आणि नववे नाव लिहिले. तीन रेघा रिकाम्या राहिल्या. मुख्याध्यापकांनी न पाहता सही केली. माझे लिखाण ते कधी तपासत नसत.

शुक्रवारी शाळा नेहमीप्रमाणे भरली. शुक्रवारची एवढीच नोंद आहे.

शनिवारी पहाटेच्या एसटीने आम्ही बीडला गेलो. सर, मी, आठ मुलगे, ती आणि तिचे वडील. मुलगी बरोबर असल्यामुळे शिक्षिका हवी, म्हणून मी. तिने चुलतभावाची खाकी चड्डी आणि पांढरा शर्ट घातला होता आणि दोन्ही वेण्या वर बांधल्या होत्या. एसटीत मुलांनी तिच्यासाठी खिडकीची जागा धरली. नायकाने तिला सांगितले की समोरचा गडी डावीकडे हूल देतो असे ऐकले आहे, म्हणून तू उजवीकडेच पाहा. तिने विचारले की त्याला हे कळले तर. सगळे हसले. तिचे वडील मागच्या बाकावरून ऐकत होते. तेही हसले.

मैदानाच्या दाराशी टेबल होते. तिथे बसलेले गृहस्थ शिक्षकच होते, कुठल्यातरी शाळेत खेळ शिकवणारे, दमलेले, भले. समोर याद्यांचा ढीग होता. ते नावे वाचत नव्हते; सही आणि शिक्का पाहून पुढे सरकवत होते. आमची यादी हातात घेतली, सही पाहिली, शिक्का पाहिला आणि थांबले. शिक्षक नसलेल्या माणसाला लाल अक्षरांत काही दिसले नसते. त्यांना दिसले.

"बाई, ही मुलगी ना?"

मी हो म्हटले.

त्यांनी आवाज खाली केला. "लाल दिसलं म्हणून विचारलं हो. निळ्यात असतं तर मी वाचलं बी नसतं. आता विचारलंय म्हटल्यावर मला बघावं लागंल."

ते उठून आतल्या अधिकाऱ्यांकडे गेले. यादी टेबलावर उलगडलेली राहिली. मुले माझ्याभोवती उभी होती. ती पुढे झाली आणि टेबलावर वाकून तिने यादी वाचली. वर्गातल्याप्रमाणे ओळीखाली बोट ठेवून वाचली. नवव्या ओळीवर बोट थांबले.

"बाई, माझं नाव लाल हाय," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. चूक दाखवून देताना मुलांच्या आवाजात जो असतो, तसा संकोच होता. फळ्यावर मी काही चुकीचे लिहिले तर ती अशाच आवाजात सांगत असे, आणि मी ते पुसून दुरुस्त करीत असे. या वेळी पुसण्यासारखे काही नव्हते.

आतून उत्तर आले ते अपेक्षेप्रमाणेच होते. नियम कोणी दाखवला नाही. मुलांच्या स्पर्धेत मुलगी उतरवली तर समोरचा संघ हरकत घेईल, उगीच वाद होईल. पंचांनी दया म्हणून आठ जणांवर खेळण्याची परवानगी दिली. आमची मुले रेषेवर बसली आणि एक चौकोन रिकामा राहिला. ती माझ्याशेजारी बसली होती. पाठलागाच्या प्रत्येक पाळीत खो त्या रिकाम्या चौकोनापाशी अडायचा. पळणाऱ्याला ते लवकरच समजले आणि तो तिथूनच निसटू लागला. दोनदा नायकाने सवयीने तिच्या जागेवर हात टाकला आणि हात हवेत गेला. दोन्ही वेळा ती माझ्याशेजारी अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

आम्ही हरलो. परतीच्या एसटीसाठी थांबलो असता तिचे वडील माझ्याजवळ आले.

"बाई, मी शब्दाचा माणूस हाय. जिंकली असती तर ठेवली असती," ते म्हणाले. मग म्हणाले, "न खेळताच हरली. आता ह्याला मी काय करू?"

मी त्यांना खूप काही सांगू शकले असते. तिला तरीही ठेवा, अभ्यासाची जबाबदारी मी घेते, असे म्हणता आले असते. मी त्यांच्या हातातल्या टोपीकडे पाहत राहिले आणि बुधवारी उंबऱ्याशी उभी असलेली त्यांची बायको मला आठवत राहिली.

मंगळवारी सकाळी ट्रक मैदानात उभा होता, चाके बरोबर खो-खोच्या रेषेवर. प्रार्थनेच्या वेळी भांडी, गोधड्या, शेळी आणि माणसे चढत होती. आठही मुलगे रांगेत उभे होते आणि एकाचेही डोळे मिटलेले नव्हते. पहिल्या तासाला मी हजेरी घेतली. तिचे नाव आल्यावर मागच्या बाकावरून कोणी काही बोलले नाही. सगळ्यांनी पाहिलेच होते.

तिच्या आईची बाळंतपणाची वेळ फडावरच्या खोपटात आली. जवळ मुलगीच होती. चैत्रात ते परत आले तेव्हा आई मला रस्त्यात भेटली आणि पोरगी होती म्हणून निभावले, असे दोनदा म्हणाली. हे मी माझ्या बाजूने लिहीत नाही. झाले ते गाळू नये, म्हणून लिहिते.

ती स्वतः एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. कडेवर तान्हा भाऊ होता. मुले खेळत होती, फडावरून परतलेली दोन-तीन त्यांत मिसळली होती. नायकाने तिला पाहिले आणि एक जागा मोकळी आहे, ये, असे हात करून बोलावले. तिने कडेवरच्या बाळाकडे बोट दाखवले. मग माझ्याकडे येऊन, पटावरून माझे नाव काढले का, असे विचारले. फार दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी करावे लागे. मी काढले होते. जूनमध्ये पुन्हा घालते म्हटले आणि घातलेही. ती ऑक्टोबरपर्यंत आली. त्या हंगामात ती अर्धा कोयता म्हणून गेली. त्यानंतरच्या वर्षी, पंधराव्या वर्षी, तिचे लग्न झाले. मुकादमाच्या भाषेत सांगायचे तर कोयता पुरा झाला.

आता उत्तर.

वर्षानुवर्षे मी स्वतःला सवय असे उत्तर दिले. त्याला आधारही होता: माझ्या हातचे प्रत्येक हजेरीपत्रक दोन रंगांचे आहे. परंतु निवृत्तीनंतर जुने कागद लावताना मला शिष्यवृत्तीच्या एका यादीची प्रत सापडली. ती त्याच वर्षीच्या श्रावणातली आहे. 'एकाच शाईने भरावी' अशी सूचना वर छापलेली आहे, आणि खाली माझ्याच हाताने सगळी नावे निळ्या शाईत लिहिलेली आहेत. त्यात तिचेही नाव आहे. म्हणजे लक्ष दिले तर माझा हात थांबत होता.

आणखी एक वस्तुस्थिती आहे. ती मी कोणाला सांगितलेली नाही. गुरुवारी नववे नाव लिहून पेन ठेवला त्याच क्षणी मला लाल अक्षरे दिसली होती. खणात दुसरा कोरा अर्ज होता. नऊ नावे पुन्हा लिहायला पाच मिनिटे लागली असती. मध्ये अख्खा शुक्रवार होता. मी अर्जाची घडी घातली आणि पाकिटात ठेवली. मनात आई होती हे खरे. माझी नेमणूक तात्पुरती होती आणि चौकशीची भीती वाटत होती, हेही तितकेच खरे. त्या दोहोंतले कोणते मोठे होते ते मला मोजता येत नाही.

तेव्हा उत्तर असे लिहिते: लिहिले सवयीने. ठेवले मी.

ती आज कुठे आहे ते मला माहीत आहे. मी तिला हे सांगितलेले नाही. सांगून तिला काय मिळेल, हा प्रश्न मी पुढे करते. तो पुढे करून मी कदाचित पुन्हा कोरा अर्ज खणातच राहू देते आहे.

माझ्या मांडणीवर केवळ विश्वास ठेवू नका. आपल्या गावच्या शाळेत जाऊन त्या काळातले एखादे जुने हजेरीपत्रक पाहायला मागा. दसऱ्यापासून चैत्रापर्यंतची पाने उलटा. लाल शाईतली नावे कोणत्या तारखेपासून गैरहजर आहेत आणि त्यांतली किती परत आली, ते कृपया स्वतः मोजून पाहा.